नैसर्गिक साबणाने धुतलेले रेशीम पुन्हा पुन्हा कडक आणि निस्तेज होते : कारणे, चाचण्या आणि उपाय

पूजेचे रेशमी सोवळे, टसरचा मुकटा, नेहमीच्या नेसण्यातली साधी रेशमी साडी किंवा लोकरीची शाल घरीच धुणाऱ्यांकडून एक तक्रार सतत ऐकू येते. धुण्याची पावडर नको म्हणून खोबरेल तेलाचा घरगुती साबण किंवा रिठा वापरायला सुरुवात केली जाते, पहिली दोन-तीन धुणी उत्तम होतात आणि मग कापडाची झळाळी हळूहळू उतरू लागते. वाळल्यावर ते ताठ राहते, हाताला मेणचट लागते, गडद रंगावर राखट झाक चढते, आणि काही महिने कपाटात राहिले की घडीच्या रेघांवर पिवळेपणा येऊन खवट वास सुटतो. साबण बदलला की एखाद-दुसरे धुणे बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते.

माझ्या पाहण्यात अशा बहुतेक कपड्यांचे मूळ दुखणे पाण्याचे असते, आणि पाण्याकडे न पाहता साबणच बदलत राहिल्यामुळे ते दर वेळी परत येते. त्यामुळे या लेखात पाण्याची चाचणी आधी, कापडावर बसलेला थर काढण्याची रीत त्यानंतर आणि रोजच्या धुण्याची पद्धत शेवटी घेतली आहे. क्रम बदलू नये, अशी विनंती आहे. थर तसाच ठेवून नव्या पद्धतीने धुणे सुरू केले तर फरक दिसत नाही आणि चांगली पद्धतही विनाकारण वाईट ठरते.

कापड कोणते, याची आधी खात्री

बाजारात सोवळे म्हणून विकल्या जाणाऱ्या धोतर-उपरण्यांपैकी पुष्कळशी पॉलिस्टरची असतात आणि रेशमाचे नियम त्यांना लागू पडत नाहीत. म्हणून आतल्या शिवणीतून किंवा दशीतून एक धागा ओढून, चिमट्यात धरून पेटवावा. रेशीम आणि लोकर सावकाश जळतात, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस, म्हणजे ज्याला दुकानात आर्ट सिल्क म्हणतात ते, भरभर जळते आणि कागद जळल्याचा वास येतो. ताणा आणि बाणा या दोन्हींतले धागे वेगवेगळे तपासावेत, कारण माहेश्वरीसारख्या साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो; अशा मिश्र कापडाला नेहमी त्यातल्या नाजूक धाग्याप्रमाणे वागवावे.

जरीच्या भरजरी पैठणीबद्दल येथेच सांगून टाकतो की ती घरी पाण्यात घालू नये. जरीवर आम्ल, क्षार आणि मीठ या तिन्हींचा परिणाम होतो, आणि पुढे सांगितलेले उपाय यांपैकी कशाचा ना कशाचा वापर केल्याशिवाय होत नाहीत.

बादलीत नेमके काय घडते

साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचे सोडियम क्षार. ते पाण्यात विरघळतात, तेलकट मळाला धरतात आणि खळबळताना मळासकट निघून जातात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल, म्हणजे पाणी जड किंवा शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत दुष्फेन असेल, तर हीच मेदाम्ले सोडियमला सोडून कॅल्शियमशी जोडली जातात आणि न विरघळणारा, पांढरट, चिकट साका तयार होतो. न्हाणीघरातल्या बादलीच्या कडेला बोटाने खरवडून निघणारा जो थर असतो, तो बराचसा हाच. कापड खळबळताना हा साका पाण्याबरोबर निघून जात नाही. तो धाग्यांच्या मध्ये अडकतो आणि वाळल्यावर तेथेच घट्ट बसतो.

रेशमावर हा परिणाम सुती कापडापेक्षा लवकर दिसतो, त्याला कारण आहे. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो आणि त्याच्या गुळगुळीत बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो म्हणून रेशीम चमकते. त्या बाजूंवर साक्याचा अगदी पातळ लेप बसला तरी प्रकाश विखुरतो आणि चमक जाते. सुती पंचावर तेवढाच थर महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. म्हणून घरातले बाकीचे कपडे ठीक दिसत असतात आणि फक्त सोवळे बिघडते, आणि संशय सोवळ्याच्या प्रतीवर जातो.

साबण किती वाया जातो याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलीग्रॅम असेल, तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरे पडण्यासाठी लिटरमागे जवळपास अडीच ग्रॅम साबण खर्ची पडतो. दहा लिटरच्या बादलीत हा आकडा २४ ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीचा साधारण चौथा भाग मळाला स्पर्शही न करता साका बनून कापडावर येतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो आणि थर वाढवतो. ४०० हा आकडा मुळीच अवाजवी नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी रेशमाला चालेलच असे नाही.

येथे एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘आईकडे याच साबणाने साड्या छान निघायच्या, आमच्याकडेच असे का होते?’ असे अनेकजण विचारतात. मुंबईच्या नळाला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचे पाणी येते आणि पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचे. पावसाचे साठवलेले हे पाणी हलके असते. तेच कुटुंब शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेले की बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते. बेसाल्टच्या भेगांमध्ये दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेले असते, म्हणून मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात आणि पठारावर इतरत्रही विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. परदेशी गेलेल्यांनाही हा अनुभव येतो. लंडनच्या नळाचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातले असल्याने चांगलेच जड आहे. साबण तोच, हात तेच, पाणी मात्र वेगळे.

घरबसल्या करता येणाऱ्या दोन चाचण्या

पहिली चाचणी पाण्याची. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत धुण्याचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे आणि दुसरीत तेवढेच पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी. दोन्हींत नखाएवढा साबणाचा कीस टाकून, झाकण लावून, अर्धा मिनिट जोराने हलवावे आणि बाटल्या उजेडात धराव्यात. हलक्या पाण्यात वर दाट फेस उभा राहतो आणि खालचे पाणी जवळजवळ नितळ राहते. जड पाण्यात फेस लगेच बसतो, पाणी दुधाळ होते आणि थोड्या वेळाने नासलेल्या दुधासारख्या बारीक गुठळ्या पृष्ठभागावर आणि काचेला चिकटलेल्या दिसतात. त्या गुठळ्या दोन बोटांत चोळून पाहाव्यात, कारण तोच मेणचटपणा कापडाला लागलेला असतो. ही चाचणी डिटर्जंटच्या वडीने करू नये. साधा साबणच हवा.

आकडा हवा असेल तर पाण्याचा नमुना जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देऊन एकूण जडपणा विचारावा. आरओ बसवणारे तंत्रज्ञ टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा सांगतात. त्यावरून जडपणा कळत नाही. ते यंत्र पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजते, आणि आपल्याला त्यातले फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवे असते. पाणी हलके करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस पूर्वीइतकाच राहतो, कारण तेथे कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. तरीही ते पाणी साबणाला चांगले असते.

दुसरी चाचणी अल्कतेची, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. रेशीम आणि लोकर ही प्रथिने आहेत, अल्कलीने ती झिजतात, आणि खरा साबण कितीही नैसर्गिक असला तरी त्याचे द्रावण अल्कधर्मीच असते, साधारण ९ ते १० पीएच इतके. हे ओळखायला घरातली हळद पुरते. चिमूटभर हळद थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवून तो रंग जाड पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावावा आणि त्या सुकू द्याव्यात. साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवली की ती तांबडी होते. रिठ्याच्या पाण्यात पिवळीच राहते, कारण रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. हळदी-कुंकवाच्या वेळी साडीवर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, तोही याच कारणाने. तेथे साबण थांबवून पाण्यात थोडे लिंबू पिळून धुतले की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि हळदीचा पिवळा रंग उजेडात आपोआप फिका पडत जातो. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात हळदीची पट्टी पिवळी राहिली तर कापडात साबणाची अल्कली उरलेली नाही असे समजावे. पीएच पट्ट्या विकत मिळतात, पण मला ही पट्टी अधिक आवडते. ती घरात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

बसलेला थर काढणे

येथे सर्वाधिक सांगितला जाणारा सल्ला म्हणजे व्हिनेगर, आणि सर्वाधिक नुकसानही त्यानेच होते. साबण किंवा साका कापडात असतानाच व्हिनेगर घातले तर आम्लामुळे साबण फुटतो आणि त्यातले मेदाम्ल मोकळे होते. हे मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही. चुन्याचा ताठपणा गेल्यामुळे कापड त्या दिवशी मऊ वाटते, मात्र तेलकट अंश धाग्यातच राहतो, हवेने खवट होतो आणि घडीच्या जागी पिवळा पडतो. वर सांगितलेल्या तक्रारीतला पिवळेपणा आणि वास पुष्कळदा असाच आलेला असतो. आम्लाचे काम अगदी शेवटचे आहे, साबण पूर्ण निघाल्यानंतरचे.

थर काढायला कॅल्शियमला धरून ठेवणारा आणि रेशमाला न दुखावणारा पदार्थ हवा. सोडियम सायट्रेट हा तसा पदार्थ असून तो घरी करता येतो. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक चमचा घेऊन ते मोठ्या भांड्यात पेलाभर पाण्यात विरघळवावे आणि त्यात खाण्याचा सोडा थोडाथोडा घालत जावे. द्रावण जोरात फसफसते, म्हणून भांडे मोठे हवे. साधारण सव्वा चमचा सोड्यानंतर फसफसणे थांबते. हळदीची पट्टी बुडवून पाहावी; ती तांबूस झाली तर सोडा जास्त झाला आहे असे समजून चिमूटभर लिंबूसत्त्व आणखी घालावे. धुण्याचा सोडा मात्र वापरू नये. तोही पाणी हलके करतो आणि सुती कपड्यांसाठी उत्तम आहे, पण रेशमाला आणि लोकरीला त्याची अल्कली सोसत नाही.

कापडाचा रंग उतरतो का, हे पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल काही मिनिटे दाबून पाहावे. रुमाल रंगला तर पुढचे काम धोब्याकडे किंवा ड्रायक्लीनरकडे सोपवावे. रंग पक्का असेल तर पाच लिटर कोमट, शक्यतो हलक्या पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्वापासून केलेले द्रावण ओतावे आणि त्यात लोकरीसाठी मिळणारे उदासीन द्रव डिटर्जंट एक चमचा घालावे. कापड त्यात वीस-पंचवीस मिनिटे बुडवून ठेवावे, अधूनमधून तळहाताने हलकेच दाबावे आणि चोळू नये, कारण रेशीम ओले असताना कोरड्याहून कमकुवत असते. थर सुटू लागला की पाणी गढूळ, दुधाळ होते, आणि कापडाचा मेणचटपणा कमी होत असल्याचे बोटांना कळते. पाणी टाकून, हलक्या पाण्यात दोनदा खळबळून, हेच पुन्हा एकदा करावे. वर्षानुवर्षांचा थर असेल तर तिसरी खेपही लागते. त्या वेळी कापडाला एक-दोन दिवस विश्रांती द्यावी.

नैसर्गिक साबणाच्या आग्रहातून सुरू झालेल्या गोष्टीत डिटर्जंट कशाला, असा प्रश्न येथे येईल, आणि तो योग्य आहे. उत्तर असे की हे दुरुस्तीचे काम आहे आणि ते नेहमी करायचे नाही. साक्याला विखरून पाण्यात तरंगत ठेवणे साबणाला जमत नाही, कारण साका साबणापासूनच झालेला असतो. रिठ्याला ते थोडे जमते. ज्यांना डिटर्जंट अजिबात नको असेल त्यांनी सायट्रेटबरोबर दाट रिठ्याचे पाणी वापरावे. खेपा वाढतील एवढेच. प्रथिने पचवणारी एन्झाइमे असलेली पावडर मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. डागातले प्रथिन आणि रेशमाचे प्रथिन यांत ती फरक करत नाहीत. ब्लीचही वर्ज्य. सोसायटीच्या टाकीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल आणि नळाच्या पाण्याला तिचा वास येत असेल, तर त्या दिवशी रेशीम धुवू नये, कारण क्लोरीनने ते पिवळे पडते.

पाणी हलके नसेल तर काय करावे

पावसाळ्यात प्रश्नच नाही. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाले की पागोळ्यांचे पाणी स्वच्छ पिंपात धरावे आणि कापडातून गाळून घ्यावे. गौरी-गणपतीच्या सोवळ्यांचे धुणे त्यात निर्धास्तपणे होते. इतर वेळी एसीच्या नळीतून टपकणारे पाणी कामाला येते, कारण ते हवेतल्या बाष्पाचे असते आणि त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते. त्यात धूळ असते, म्हणून तेही गाळून आणि ताजेच वापरावे.

याच्या नेमके उलट आहे आरओचे वाया जाणारे पाणी. पाण्याची बचत म्हणून ते बादलीत साठवून कपडे धुण्याची सवय अनेक घरांत आहे आणि बचतीचा हेतू चांगलाच आहे. पण शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच बादलीत एकवटलेले असते, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षाही जड असते. फरशी पुसावी, संडासात ओतावे, रेशीम त्यात बुडवू नये. आरओच्या पिण्याच्या बाजूचे पाणी शेवटच्या खळबळण्याला तीन-चार लिटर वापरले तरी पुष्कळ फरक पडतो.

पाणी उकळल्याने जडपणाचा काही भाग जातो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर चुना होऊन तळाशी बसतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो. म्हणून उकळून, रात्रभर निवळू देऊन, वरचे पाणी अलगद ओतून घेतले तर थोडे काम भागते; त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. काहीच हाताशी नसेल तर धुण्याच्या बादलीतच सोडियम सायट्रेट घालावे: जडपणा ४०० च्या आसपास असताना दहा लिटरला दोन चमचे लिंबूसत्त्वाचे द्रावण पुरते. ते साबणाच्या आधी घालावे, नंतर नव्हे, कारण एकदा धरलेला साका सोडवण्यापेक्षा तो धरूच न देणे फार सोपे आहे.

घरगुती साबणाची वडी

प्रदर्शनात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या हाताने केलेल्या साबणांत पुष्कळदा पाच ते आठ टक्के तेल मुद्दाम अधिक ठेवलेले असते, म्हणजे कॉस्टिक सोड्याने साबण न झालेले तेल वडीत शिल्लक असते. त्वचेसाठी हे चांगले आहे. ते तेल त्वचेवर राहावे हाच त्यामागचा हेतू असतो. कापडावरही ते तसेच राहते. अंगाचा उंची साबण ‘सौम्य’ म्हणून रेशमाला लावणाऱ्यांचे कापड हलक्या पाण्यातही तेलकट होते, ते यामुळे. साबण करणाऱ्याला जादा तेलाचे प्रमाण सरळ विचारावे आणि कपड्यांसाठी शून्य ते एक टक्क्याची वडी मागावी. निव्वळ खोबरेल तेलाचा साबण त्यातल्या त्यात बरा. तो थंड पाण्यात लवकर विरघळतो आणि जड पाण्यातही इतर तेलांच्या साबणापेक्षा अधिक फेस देतो. तरीही साका त्याचाही धरतो आणि तो अल्कधर्मीही असतोच, म्हणून मी तो सुती कपड्यांना वापरेन, रेशमाला नाही. स्वस्त धुण्याच्या वड्यांत भर म्हणून धुण्याचा सोडा आणि सोडियम सिलिकेट असते, त्यांचा येथे विचारही करू नये.

रिठा : फायदा आणि त्याच्या खोड्या

रिठ्याच्या टरफलातली सॅपोनिन्स, म्हणजे फेस आणणारी द्रव्ये, साबणाच्या जातीची नाहीत. कॅल्शियमशी ती साबणासारखा साका धरत नाहीत आणि द्रावण अल्कधर्मी होत नाही. जड पाण्यात रेशीम धुण्यासाठी यापेक्षा योग्य वस्तू आपल्या अंगणात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरी रिठ्याने धुतलेले कापड बिघडल्याच्या तक्रारी येतात आणि त्या खोट्या नसतात. जुन्या साबणाचा थर आधी न काढणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण. एका धुण्याला रिठा आणि दुसऱ्याला साबण, किंवा फेस कमी म्हणून रिठ्यातच साबण कालवणे, हे दुसरे. रिठ्याला दाट फेस येत नाही आणि त्याची गरजही नाही. फेसावरून स्वच्छतेचा अंदाज घेण्याची सवय येथे सोडावी लागते.

तिसरे कारण पुडीतली रिठा पावडर. ती थेट बादलीत टाकली की टरफलाचे बारीक कण विणीत अडकतात आणि वाळल्यावर तपकिरी ठिपके दिसतात. त्याऐवजी अख्खे रिठे आणावेत. एका साडीला आठ-दहा रिठे पुरतात. बिया काढून टरफले रात्रभर पेलाभर कोमट पाण्यात भिजत घालावीत, सकाळी हाताने कुस्करून घ्यावीत आणि ते पाणी दुहेरी मलमलीतून दोनदा गाळावे. गाळलेले पाणी मधासारख्या रंगाचे आणि पारदर्शक दिसले पाहिजे. गढूळ असेल तर पुन्हा गाळावे. हे पाणी चार-पाच लिटरमध्ये मिसळून कापड दहा मिनिटांहून अधिक त्यात ठेवू नये, कारण रिठ्याचा स्वतःचा पिवळसर रंग पांढऱ्या आणि मोतिया रेशमावर उतरतो. पांढऱ्या सोवळ्याला रिठे कमी आणि भिजवणे पाच मिनिटांवर ठेवावे. गाळलेले पाणी उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबू लागते. आंबूस वास आला की टाकून द्यावे. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, आणि मासे असलेल्या टाकीत किंवा ओढ्यात ते ओतू नये, कारण सॅपोनिन्स माशांना घातक असतात.

शिकेकाई रिठ्यात मिसळण्याची पद्धत आहे. गडद रंगांना ती चालते. फिक्या रंगांना तिचा रंग लागतो. शिवाय शिकेकाईत टॅनिन असते आणि लोखंडाशी त्याचा काळपट रंग होतो, म्हणून ती लोखंडी कढईत उकळू नये आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तेथे वापरू नये.

तेलाच्या डागाला रिठा अपुरा पडतो. नैवेद्याचे तूप किंवा समईचे तेल सांडले तर पाणी लावण्याआधी त्यावर मुलतानी माती किंवा साधी टाल्कम पावडर पसरून काही तास ठेवावी आणि मऊ ब्रशने झटकावी. घामाचे उलट आहे. घाम सुकू न देता सोवळे उतरल्याबरोबर नुसत्या गार पाण्यातून काढून ठेवावे. रोज वापरात असलेल्या सोवळ्याला दररोज रिठा लावण्याचे कारण नाही. दररोज पाणी आणि आठवड्याने रिठा एवढे पुरते.

शेवटचे खळबळणे आणि वाळवणे

साबण किंवा रिठा पूर्ण निघाल्यावरच आम्लाचे पाणी द्यावे. पाच लिटर हलक्या पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर पुरते, आणि त्यानंतर रेशमाला त्याची ओळखीची करकर परत येते. जड पाण्यात एवढ्या व्हिनेगरचा उपयोग होत नाही, कारण पाण्यातले बायकार्बोनेटच ते संपवून टाकते. दुप्पट-तिप्पट व्हिनेगर ओतण्यापेक्षा एवढे एक पाणी हलके घेणे बरे. जरीचा काठ असेल तर आम्ल टाळावे.

पिळू नये. कोरड्या पंचात गुंडाळून दाबावे आणि सावलीत, वाऱ्यावर, दोरीचा वळ न पडेल असे पसरून वाळवावे. उन्हाने रेशीम पिवळे पडते, आणि तो पिवळेपणा कोणत्याही धुण्याने जात नाही. इस्त्री किंचित ओलसर असताना, उलट्या बाजूने, मंद आचेवर करावी.

लोकरीला वरचे सगळे लागू आहे, शिवाय एक मोठी खबरदारी आहे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, चोळणे आणि अल्कली एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि शाल आटून जाड होते. हे परत फिरवता येत नाही. धुण्याचे आणि खळबळण्याचे पाणी सारख्याच, तीस अंशांपेक्षा कमी तापमानाचे ठेवावे आणि स्वेटर टांगण्याऐवजी आडवा पसरून वाळवावा.

दोन-तीन खेपांनंतरही फरक पडला नाही तर

कापड थर काढल्यावर मऊ झाले पण चमक आली नाही, तर उजेडात भिंगातून पाहावे. धाग्यांवर बारीक केसाळपणा दिसत असेल तर तंतू घासून किंवा अल्कलीने झिजले आहेत आणि ती चमक परत येणार नाही. मेणचटपणा कायम असेल आणि हळदीची पट्टी खळबळण्याच्या पाण्यात पिवळी राहत असेल, तर साक्यापेक्षा मोकळ्या तेलाचा संशय घ्यावा. त्यावर सायट्रेट चालत नाही, उदासीन डिटर्जंटचे कोमट पाणी किंवा ड्रायक्लीनिंग चालते. घडीवर बोट फिरवताच धागे तुटत असतील तर पाण्यात घालूच नये. असे वस्त्र स्वच्छ, बिनखळीच्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि घडीची जागा दर काही महिन्यांनी बदलत राहावी.